रस्त्याचं वजा करून

पहिल्यांदा ती तळहातांना कळते. कानांना नंतर, डोळ्यांना तर फारच उशिरा. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे स्टिअरिंगची गोलाई हाताच्या मांसल भागावर टेकलेली असते, तिथे काहीतरी बारीक हलू लागतं. इतकं बारीक, की आपलीच नाडी उडतेय असं वाटावं. ताशी ८० पर्यंत काही नसतं. ८५ च्या आसपास ती जागी होते, ९० ला मनगटात शिरते, ९५ ला कोपरापर्यंत चढते आणि १०० ओलांडले की हळूहळू ओसरून नाहीशी होते. हात पुन्हा निवांत होतात. पण हा निवांतपणा मघाचा नसतो, कारण हातांची आणि तिची आता ओळख झालेली असते.

थरथर. स्टिअरिंगची थरथर.

तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवला की थर्मामीटरच्या आधी आईला कणकण कळते, तशी ती मला समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजा मागे टाकून मेहकरकडे निघालेली असताना कळली. आणि कळली त्या क्षणी मी त्या गाडीत राहिलेच नाही. मी मेहकरच्या बसस्टँडबाहेर एका काळ्या-पिवळ्या जीपच्या पुढच्या सीटवर होते, गिअरचा दांडा आणि कुणा अनोळखी आजीचं गाठोडं यांच्या मधोमध, पाय वर घेऊन बसलेली.

ती मामाची जीप. मेहकर ते जानेफळ, जानेफळ ते मेहकर, दिवसभर. शाळेला सुट्टी असली की मी हट्टानं तिच्यात बसायची. आत डिझेलचा, ओल्या गोणपाटाचा, तंबाखूचा आणि हिवाळ्यात कपाशीचा असा एक मिसळलेला वास असायचा. मागे माणसं दाटीनं कोंबलेली, टपावर सायकली, तुरीची पोती, कधी एखादी शेळीसुद्धा. आणि सगळ्यांच्या खालून, पत्र्यातून, सीटच्या स्प्रिंगांतून, काचेच्या रबरातून अखंड वाहणारी ती थरथर. दातांत वाजायची. बोलताना शब्द तुटायचे. जानेफळला उतरल्यावर जमीन स्थिर आहे हे पायांना पटायला थोडा वेळ लागायचा.

आमच्याकडचे रस्ते तसेच होते. काळ्या मातीवरचे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आक्रसून अशी भेगाळते की भेगेत हाताचा पंजा जावा. तिच्या पाठीवर अंथरलेलं डांबर दर वर्षी तिच्याबरोबर वर उचललं जाणार, खाली बसणार, आणि दोन-चार पावसाळ्यांत सरळ रस्त्यालाही लाटा येणार. घाटावरचे तालुके असोत की घाटाखालचे, आम्ही सगळे त्या लाटांवरच लहानाचे मोठे झालो. गाडीत बसलं की हलायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. गाडी हलते ती रस्त्यामुळे की स्वतःमुळे, हा प्रश्न कुणाला पडायचाच नाही.

मामाला पडायचा. त्याच्या हातांना पडायचा.

स्टिअरिंग तो कधी आवळून धरत नसे. बोटं नुसती टेकलेली, अंगठे बाहेर. मला वाटायचं, दमलाय. एकदा विचारलं तर म्हणाला, "आवळलं का माय, मंग काहीच समजत नाही." आणि खरंच, तो बोलता बोलता थांबायचा, मान थोडी कलती करायचा, डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगवरून उचलून पुन्हा ठेवायचा, पुढच्या थांब्यावर माणसं उतरेपर्यंत वाकून कुठल्याशा चाकाशी काहीतरी करून यायचा. त्या साऱ्या गदगदीतून, खड्ड्यांतून, लाटांतून त्याला एक वेगळी, नवी, कालपर्यंत नसलेली थरथर निवडून काढता यायची. कशी, असं मी विचारलं तेव्हा त्यानं दिलेलं उत्तर इतकं सोपं होतं की त्या वयात ते मला उत्तर वाटलंच नाही. "आधी रस्त्याचं वजा करायचं. मंग जे उरते, थे गाडीचं."

त्या जुन्या जीपला एक भयंकर खोडही होती. पुढचा एक्सल अखंड, एका चाकाला बसलेला हिसका थेट दुसऱ्या चाकापर्यंत जाणारा. किंगपिन झिजले, टायरॉडचे जॉइंट ढिले झाले, स्प्रिंगच्या पट्ट्यांचे बुश संपले, की एखाद्या खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी, डावी-उजवी अशी फडफडायला लागायची आणि स्टिअरिंग मामाच्या हातांत वेड्यागत उसळायचं. मागची माणसं दांडा धरून विठ्ठलाचं नाव घ्यायची. मामा मात्र ब्रेकवर उभा राहायचा नाही. तो फक्त पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, हात ठेवायचा आणि वाट पाहायचा. वेग उतरत जायचा, फडफड मंदावत जायची आणि एका क्षणी जीप मुकाट सरळ चालू लागायची. त्याच्या मानेवरच्या घामाचे थेंब मला अजून दिसतात. केवढा धीर होता तो!

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ ला मुंबईच्या दारापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तो सिंदखेडराजा, लोणार आणि मेहकर तालुक्यांतून जातो. जिजाऊंच्या जन्मगावाच्या शिवारातून, लाखो वर्षांपूर्वी उल्का कोसळून काळ्या कातळात खळगा पडला त्या लोणारच्या तालुक्यातून. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर, वर मोकळं आभाळ आणि खाली ताशी १२० ची मुभा देणारं सलग, समतल काँक्रीट. पहिल्यांदा त्यावरून गेले तेव्हा माझ्या अंगाला ते पटेना. शरीर सवयीनं धक्क्याची वाट पाहत होतं. धक्का आलाच नाही. डोळ्यांत पाणी आलं, का ते सांगता येणार नाही. त्या जीपमधल्या, गाठोडं पोटाशी धरून दात आवळून बसलेल्या आज्या आठवल्या एवढं खरं.

आणि याच रस्त्यावर ती थरथर कळली. ती आधीही असणार, कित्येक महिने असणार. गावाकडच्या रस्त्यांवर ती त्यांच्या गदगदीत मिसळून गेली होती, आणि तिथे मी ८५ चा वेग गाठत तरी कुठे होते! इथे काँक्रीटनं रस्त्याचा भाग आपणहून वजा करून टाकला. उरलं ते गाडीचं.

मेहकरला पोचल्यावर आधी टायरवाल्याकडे गेले. तिशीतला पोरगा, हात कोपरापर्यंत काळे. त्यानं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, हाताले येते का बुडाले येते?"

मी थबकले. हा मामाचाच प्रश्न. हाताला, म्हणजे स्टिअरिंगमध्ये येत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांचा. बुडाला, म्हणजे सीटमधून आणि पायाखालच्या पत्र्यातून येत असेल तर मागच्या. मग एकेक करत त्यानं पुढचं विचारलं, घाई न करता. कोणत्या वेगाला येते? एका ठरावीक वेगाला येऊन पुढे जाते, की वेगाबरोबर वाढतच राहते? ब्रेक दाबल्यावरच येते का? ॲक्सिलरेटर दाबताना येते आणि पाय काढला की जाते का, कारण मग चाकाकडे ताकद नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट पाहावा लागेल. गाडी नुसती उभी, इंजिन चालू, तरी थरथरते का, कारण मग चाकांचा संबंधच नाही, इंजिन ज्यांवर टेकलंय ते रबरी माउंटिंग बसलेलं असेल. वळणावर घूं आवाज बदलतो का? गाडी एका बाजूला ओढते का? ओढत असेल तर अलाइनमेंट; पण ओढणं वेगळं आणि थरथरणं वेगळं, हे त्यानं मला बजावून सांगितलं, कारण पुष्कळ जण थरथरीसाठी अलाइनमेंट करून घेतात आणि तशीच थरथरती गाडी घेऊन घरी जातात.

दुखणं ऐकून घेण्याची ही रीत मला फार आवडते. अवजाराला हात लावण्याआधी कधी, कुठे, कशानं, हे विचारणारी माणसं कुठल्याही धंद्यात भेटली की माझा जीव भांड्यात पडतो.

८५ ते ९५ ला हाताला येते, पुढे जाते, ब्रेकचा संबंध नाही: एवढं ऐकून तो म्हणाला, "बॅलन्सिंग." त्याआधी त्यानं पान्यानं चारही चाकांचे नट आवळून पाहिले. हे कुणी विसरू नये. नट ढिला असेल तर बाकीची सगळी चर्चा फुकट, आणि जिवाशी गाठ. मग गाडी जॅकवर घेऊन पुढचं चाक वर-खाली आणि आडवं धरून हलवलं, बॉल जॉइंट आणि टायरॉडमध्ये खेळ आहे का ते पाहिलं. नव्हता. डावं चाक खोललं, उलटं केलं आणि आम्ही दोघंही पाहत राहिलो.

रिमच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, काळ्या मातीचा वाळून टणक झालेला गोळा चिकटलेला होता. आमच्याच शेताची माती. पावसाळ्यात पांदणीनं गाडी आत नेली होती, चिखल चाकात बसला, पुढे ऊन पडलं आणि तो वाळून बसला तो बसलाच. मी त्याला बोट लावलं. कडक, गार, बारीक तडे गेलेला. या मातीत आमच्या घराच्या पिढ्या गेल्या. तिनं मला महामार्गावर मनगट धरून थांबवलं, असं मनात आलं, आणि पोराच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तिच्यावर चालला तेव्हा, खोटं कशाला सांगू, थोडं वाईटच वाटलं.

एवढ्याशा ढेकळानं एवढी थरथर कशी? त्याचं गणित थक्क करणारं आहे. १४ इंची रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम जास्तीचे असतील, दोन-चार नाण्यांइतके, तर ताशी १०० च्या वेगाला ते चाकाला जवळपास ३ किलोंच्या जोरानं बाहेर ओढतात. तेही एका दिशेनं नव्हे, चाकाबरोबर फिरत, सेकंदाला १४ वेळा. वेग निम्मा केला तर ओढ चौथाईवर येते, म्हणून गावात काहीच कळत नाही. आणि ९० लाच ती एवढी का उठते? प्रत्येक वस्तूला आपला एक झोका असतो. सस्पेन्शन, स्टिअरिंगची दांडी, रबरी बुश यांच्या जुळणीचाही एक स्वतःचा झोका आहे, आणि ९० च्या सुमाराला चाकाचे सेकंदाला पडणारे १३ फेरे नेमके त्याच्याशी जुळतात. जुळले की लहानसा धक्काही मोठा होत जातो; वेग पुढे गेला की ताल चुकतो आणि सगळं शांत होतं. म्हणून १०० च्या पुढे थरथर गेली तरी दोष जात नाही. चाक तितकंच ओढलं जात असतं, उलट जास्तच. फक्त ते हातापर्यंत पोचत नाही. माझ्या मनात सर्वांत जास्त घर करून राहिलं ते हे.

मशीनवर चाक फिरलं. आतल्या बाजूला ३५, बाहेरच्या बाजूला १० असे आकडे दिसले. जुनी वजनं पकडीनं उपटून नवी ठोकली. आता ती पुष्कळदा लोखंडाची किंवा जस्ताची असतात, पण सगळे अजून शिसंच म्हणतात. चाक पुन्हा फिरलं आणि दोन्हीकडे शून्य आलं. उजव्या चाकाच्या रिमला मात्र खड्ड्यानं किंचित बाक दिलेला दिसला; मशीनवर फिरताना कड डोळ्यांदेखत आत-बाहेर होत होती. अशा चाकाला वजनं लावून आकडे शून्य होतात, चाक गोल होत नाही. ते त्यानं मागे टाकलं आणि मागचं पुढे घेतलं. टायरच्या भिंतीवर तळहात फिरवत कुठे फुगा आलाय का तेही पाहिलं. हे पाहताना तो बोलायचा थांबला होता.

२०२३ च्या १ जुलैला, मध्यरात्र उलटल्यावर, सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. झोपेत असलेली. आमच्या जिल्ह्यात त्या रात्रीबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. तिच्या कारणांत मी शिरणार नाही. पण तेव्हापासून महामार्गावर चढण्याआधी मी खाली उतरून चारही टायरांवरून हात फिरवते, आणि दुसऱ्या कुणी तसं केलं नाही तर त्याला गळ घालते.

मामा आता थकलाय. जीप कधीच विकली, काळ्या-पिवळ्याही रस्त्यांवरून ओसरल्या. पण शेगावला जायचं म्हटलं की तो पहाटेच टोपी घालून ओट्यावर बसलेला असतो. यावेळीही आम्ही निघालो. त्याला बुलढाण्यात कुणाला भेटायचं होतं, म्हणून चिखलीवरून, आणि पुढे बोथा घाटानं खामगावकडे. ज्ञानगंगा अभयारण्यातून हा घाट उतरतो. साग, अंजन, सालई, उन्हाच्या तिरिपी, आणि अस्वलं आहेत म्हणून जागोजागी लावलेले फलक. बॅलन्सिंग झालेलं स्टिअरिंग हातांत इतकं निश्चल होतं, की मी मुद्दाम बोटं सैल सोडून बघत होते.

उतारावर मी ब्रेक धरला तसा मामा म्हणाला, "दुसऱ्यात घे." मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. घाटात ब्रेक दाबून धरून उतरणाऱ्या गाड्यांच्या डिस्क तापतात, पॅडचा थर त्यांच्यावर कुठे जाड कुठे पातळ बसतो, आणि जाडीत केसाच्या काही अंशाचा जरी फरक पडला तरी पुढच्या वेळी ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. ही ब्रेकची थरथर, पाय काढला की जाणारी. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जाणाऱ्यांना ती चांगली ओळखीची. मामानं यातलं काही सांगितलं नाही. तो इंजिनाचा चढलेला आवाज ऐकत, मांडीवर हात उघडे ठेवून, बाहेरचं रान पाहत बसला होता.

घाट संपला, सपाट रस्ता लागला. खामगाव जवळ येत होतं, मी कापसाच्या जिनांबद्दल काहीतरी बोलत होते. मामानं हात वर केला. मी गप्प झाले. त्यानं पायातली चप्पल काढली आणि अनवाणी तळवा गाडीच्या तळावर टेकवला. डावीकडे एक लांब वळण आलं. ते सरेपर्यंत तो काही बोलला नाही.

"मागची उजवी गुणगुणते," तो म्हणाला. "डाव्या वळणाले वाढते."

मला काही ऐकू आलं नव्हतं. खिडक्या वर केल्या, पंखा बंद केला, तरी नाही. वळणात गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो आणि झिजू लागलेलं बेअरिंग तेव्हाच आवाज काढतं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि तळव्याला लागणं यांत पन्नास वर्षांचं अंतर होतं. खामगावात शिरताच पहिल्या गॅरेजशी थांबलो. मिस्त्रीनं मागची बाजू जॅकवर घेतली, एका हातानं चाक फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. डोळे मिटले. मग माझा हात धरून तिथे टेकवला. स्प्रिंगच्या थंड लोखंडातून अगदी हलकी, खडबडीत, वाळू दळल्यासारखी कुरकुर बोटांत उतरत होती. उरलेल्या तीन चाकांवर तीच परीक्षा झाली. तिथे बोटांना काही लागलं नाही.

बेअरिंग खामगावातच मिळालं. ते बसवून होईपर्यंत मामा टायरांच्या थप्पीवर बसून मिस्त्रीला जुन्या जीपचे किंगपिन कसे बदलायचे ते हातांनी दाखवत होता, आणि मिस्त्री काम थांबवून पाहत होता.